वरच्या शेताचा बांध

सस्कॅचवान, कॅनडा
१७ मे १९८७

ती. बाबाराव मामांस,
हेमलताचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं हवाईपत्र बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी हाती पडलं. आईच्या गुडघ्यांची तक्रार, मामीच्या लोणच्याच्या कैऱ्या आणि आपल्या गोहलपूर वस्तीतल्या कारखान्यांची खटखट, सगळं त्यात आलं. इकडे मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागतो. मामीला सांगा, माझ्या वाटचं ऊन तिनंच खाऊन घ्यावं.

नोकरी लागून सात महिने झाले, पण मी नेमकं काय करते ते तुम्हांला अजून नीट लिहिलं नाही. खरं सांगायचं तर काही जमतच नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. या मुलखाला प्रेअरी म्हणतात. नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, टेकडी नाही की धड झाड नाही. इथले शेतकरी एक वर्ष गहू घेतात आणि पुढचं वर्ष शेत रिकामं ठेवतात, जमिनीत ओल साठावी म्हणून. त्यात एक हिरवं पान दिसू नये यासाठी सारखे नांगर फिरवतात. मग वारा सुटतो आणि ती उघडी माती उडते. गेल्या मंगळवारी भर दुपारी गाडीचे दिवे लावून मी घरी आले.

माझं काम एवढंच, की शेतकऱ्यांना पटवायचं. कापणीनंतर गव्हाची धसकटं उभी राहू द्या, नांगरू नका आणि रिकाम्या वर्षी मसूर पेरा. हो मामा, मसूर! शहपुऱ्याच्या बाजारात पोत्यांनी दिसतो तो मसूर मी इथे गोऱ्या शेतकऱ्यांच्या गळी उतरवू बघते आहे. ते मला कॉफी देतात, केक देतात, हवामानाच्या गप्पा मारतात आणि गोड बोलून दारापर्यंत सोडायला येतात. सरकारी योजनेच्या फॉर्मवर सही मात्र कोणी करत नाही.

आमच्या साहेबांचं म्हणणं, की ओल्गाबाईला पटव, म्हणजे बाकीचे आपोआप मागे येतील. तिचं आडनाव मला अजून म्हणता येत नाही, म्हणून मनातल्या मनात मी तिला ओल्गाबाईच म्हणते. बासष्ट वर्षांची विधवा आहे आणि अकराशे एकर एकटी सांभाळते. पुढच्या मेच्या पेरणीपर्यंत तिची सही आली नाही, तर हा भाग योजनेतून वगळणार आणि माझी नोकरीही जाणार.

तुम्ही ग्रामसेवक असताना एका हंगामात शहपुऱ्याकडचं अख्खं गाव पटवलं होतं. आई अजून ते शाबासकीचं पत्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असेल. मामा, ते गुपित मला सांगा ना. आता नाही तर कधी सांगणार?

आईला आणि मामीला जयभीम. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली भाची,
हेमलता


जबलपूर
१४ जून १९८७

चि. हेमलतास,
मामाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या आईनं माझ्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. कॅनडात जाऊन तुझं मराठी सुधारलं म्हणायचं. इथे होतीस तेव्हा तर निम्मं वाक्य हिंदीत संपवायचीस.

मला प्रश्न पडले आहेत ते आधी लिहितो, म्हणजे विसरणार नाही. एका बाईकडे अकराशे एकर? मग ती पेरते कधी आणि जेवते कधी? बर्फ पडतो तेव्हा जमीन किती खोल गोठते? गोठलेल्या जमिनीत उंदीर कुठे जातात? बर्फ वितळल्यावर त्याचं पाणी जमिनीत मुरतं की वाहून जातं? मसूर पेरायला त्यांच्याकडे यंत्र असेल, पण तो खाता येतो का त्यांना? तुझी मामी चंपाबाई विचारून राहिली आहे, की वरण न खाणारी माणसं डाळ काहून पेरतील. प्रश्न मला बिनतोड वाटला. तुझ्या साहेबांना विचार.

राज्यांची वाटणी झाली, भंडाऱ्याचे आपले सगळे तिकडे महाराष्ट्रात गेले आणि मी नोकरीमुळे या बाजूला राहिलो, तेव्हा मलाही इथली शेती नवीनच होती. शहपुऱ्याच्या या पट्ट्याला लोक हवेली म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात मी गेलो तर शेतच दिसेना. चहूकडे नुसतं पाणी आणि मधून बांधांच्या रेघा. मला वाटलं पूर आला. पण ते पाणी लोकांनी मुद्दाम अडवलं होतं. चार महिने शेतात पाणी उभं ठेवायचं, तण खाली कुजू द्यायचं, दसऱ्याच्या सुमाराला पाणी सोडून द्यायचं आणि त्याच ओलीवर गहू-हरभरा काढायचा. वरून एक थेंब नाही लागत. मी बापडा नागपूरहून शिकून आलेला, मला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

गुपित वगैरे काही नव्हतं गं. जुनी गोष्ट आहे, माणसं ऐकणारी होती. तू ओल्गाबाईला सांगत बसू नकोस, तिला विचार. तिला अभिमान कशाचा वाटतो ते आधी शोध. शहपुऱ्याला हल्ली माझं जाणं होत नाही. तिथला माझा जुना शेतकरी मित्र भैयालाल बरा असेल.

जावईबापूंना नमस्कार सांग. तब्येतीला जप आणि आम्हांला विसरू नकोस.

तुझा मामा,
बाबाराव


सस्कॅचवान
२२ नोव्हेंबर १९८७

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं गोळा करायला पाच महिने लागले. जमीन माणसाच्या उंचीइतकी गोठते. उंदीर बर्फाच्या खाली बोगदे करून मजेत राहतात. मामीचा प्रश्न साहेबांना विचारला तर ते हसले आणि म्हणाले, की डाळ इथे कोणी खाणार नाही, ती बोटीनं तुमच्यासारख्यांकडेच जाईल.

तुम्ही सांगितलं तसं मी ओल्गाबाईला विचारलं. तिनं मला भिंतीवरची ढाल दाखवली. तालुक्यातलं सगळ्यांत स्वच्छ शेत म्हणून तिच्या नवऱ्याला मिळालेली. स्वच्छ म्हणजे काळं, एक काडी नसलेलं. रविवारी चर्चमधून परतताना लोक गाड्या हळू करून एकमेकांची शेतं बघतात. धसकटं उभी ठेवली तर लोक म्हणतील, नवरा गेल्यावर हिनं शेत टाकून दिलं. मामा, वर्षभर मी या बाईला माती, ओल आणि खत समजावत होते आणि तिची अडचण होती अब्रूची!

परवा मोठं हिमवादळ झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या शेतावर गेलो. काळ्या शेतावरचा सगळा बर्फ वाऱ्यानं पार रस्त्याच्या खड्ड्यात नेऊन टाकला होता. पण कुंपणालगत जिथे नांगर पोचला नव्हता तिथे जुनं गवत उभं होतं आणि त्याच्यात गुडघ्याच्या वर बर्फ थांबला होता. वसंतात तेच पाणी. मला एकदम तुमच्या सायकलवर बसून बघितलेली शहपुऱ्याची शेतं आठवली. मी तिला सांगितलं, की आमच्याकडे पाऊस असाच शेतात थांबवतात. तिनं पहिल्यांदा मला उलट प्रश्न विचारला. बांध किती उंच? पाणी कधी सोडायचं ते कोण ठरवतं? शेजारी भांडत नाहीत का? हे तिन्ही प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे.

फेब्रुवारीत इथल्या हॉलमध्ये शेतकऱ्यांची बैठक आहे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, की माझ्या मामाच्या गावचा फोटो दाखवीन. तर एवढं करा. भैयालालकाकांच्या बांधाचा एक स्पष्ट फोटो पाठवा. आता पाणी सोडून झालं असेल, पण बांध तर दिसेल. लगेच जा मामा, टाळाटाळ करू नका.

उत्तराची वाट बघते. सगळ्यांच्या मायेची भुकेली,

हेमलता


जबलपूर
१० जानेवारी १९८८

चि. हेमलतास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

सदर बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या विठोबाला कॅमेऱ्यासकट घेऊन पॅसेंजरनं शहपुऱ्याला जाऊन आलो. फोटो सोबत आहे. तो बघायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच.

फोटोत बांध नाही. बांध राहिलेला नाही. जाण्याआधीही मला ते ठाऊक होतं, कारण तो मीच फोडायला लावला होता.

तू मागितलेलं गुपित आता सांगतो. ओल्गाबाईचाही प्रश्न त्यात सुटेल. हवेलीत पाणी सोडायचा एक रिवाज आहे. सगळ्यांत वरच्या शेतानं आधी सोडायचं, मग त्याच्या खालच्यानं, असं उतरत उतरत शेवटच्या शेतापर्यंत. वरचा हलल्याशिवाय खालचा कोणी कुदळ लावत नाही. वरचं शेत भैयालालचं. पाच वर्षांपूर्वी खात्यातून फर्मान निघालं, की पावसाळ्यात जमीन पाण्याखाली अडकवू नका, बांध फोडा आणि सोयाबीन पेरा. माझी दोन वर्षं नोकरी उरली होती. मी गावाला काही पटवलं नाही गं. एकट्या भैयालालला पटवलं. त्याचा माझ्यावर भरवसा होता. वरचं पाणी एकदम अंगावर आलं की खालचे बांध टिकणार नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं. एका पावसात खालचे सहाही गेले. मी अहवालात लिहिलं, की गावानं एकमतानं नवी पद्धत स्वीकारली. तुझ्या आईनं चौकटीत लावलेलं पत्र त्याचंच आहे.

पहिली दोन वर्षं सोयाबीन झकास आलं. मग वरची काळी माती वाहून जायला लागली. विहीर आता फाल्गुनातच आटते आणि हरभरा ओलीवाचून वर येत नाही. हे मला कानावर येत होतं. मी निवृत्त झालो होतो, म्हणून जाणं बंद केलं. निवृत्तीचं निमित्त चांगलं सापडलं होतं.

 बिटिया कशी आहे, तिकडे भाकरी मिळते का, एवढंच भैयालालनं विचारलं. फोटो कशाला हवा ते सांगितलं तेव्हा तो स्वतःच चालत गेला, जिथे बांध होता तिथे उभा राहिला आणि छातीपाशी हात आडवा धरला. बांध इथपर्यंत होता, असं तो दाखवतो आहे. विठोबानं फोटो काढला.

ओल्गाबाई पटली की बाकीचे मागे येतील, हे तुझ्या साहेबांचं गणित मी पहिल्याच पत्रात वाचलं आणि मला भैयालाल आठवला. तरी लिहिलं नाही, कारण लाज वाटली. आता फोटो दाखवायचा की नाही ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तरी माझी ना नाही.

मामावरचा लोभ उरला असेल तर कळव.

बाबाराव


सस्कॅचवान
२ मार्च १९८८

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

लोभ उरला आहे. पण पत्र वाचून दोन दिवस मी तुमच्यावर चिडून होते, हेही लिहायला हवं. ते शाबासकीचं पत्र बघतच मी हे काम करायचं ठरवलं होतं.

साहेबांचं मत होतं, की असला फोटो दाखवू नये, लोक बिथरतील. मी दाखवला. हा माझ्या मामांचा मित्र आहे, तिथे बांध होता आणि माझ्या मामांनी तो फोडायला लावला, असं उभ्या उभ्या सांगितलं.  आणि मग प्रश्न सुरू झाले, तासभर! पाण्यात मासे येतात का? डास? गाळ उकरून काढतात की तिथेच राहतो? बांधाला उंदीर भोकं पाडतात तेव्हा काय करता? एका म्हाताऱ्यानं तर भैयालालकाकांच्या छातीची उंची विचारली आणि कागदावर हिशेब मांडला. सव्वा वर्ष गप्प बसलेली ही माणसं एवढी बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

 नंतर स्वयंपाकघरात कप विसळताना ओल्गाबाईनं मला सांगितलं, की तिच्या सासऱ्याच्या काळात एक सरकारी माणूस दर महिन्याला यायचा. फार भला होता. शेत काळं कसं ठेवायचं ते त्यानंच शिकवलं. पुढे माती उडाली, जनावरांच्या नाकातोंडात गेली, पण तो माणूस पुन्हा कधी दारात आला नाही. मग तिनं विचारलं, की तुझा मामा फोटो काढायला गेला ते ठीक, पण फोटो काढून झाल्यावर तो परत गेला का? आता काय करावं, असं त्यानं त्या माणसाला विचारलं का?  तिचं म्हणणं, की तुम्हा लोकांपैकी कोणी असं करताना तिनं पाहिलं नाही. करतो असं कळलं तर ती सहीचा विचार करेल. पेरणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तोवर ती थांबणार आहे.

मामा, माझ्या नोकरीसाठी जाऊ नका. तसं गेलात तर भैयालालकाकांचा पुन्हा एकदा उपयोग करून घेतल्यासारखं होईल. जावंसं वाटलं तरच जा. न गेलात तर मी तिला तसंच सांगेन.

आईला यातलं काही सांगितलं का? मामीला जयभीम. तुमची माया आहे म्हणूनच एवढं लिहवलं.

हेमलता


जबलपूर
१७ एप्रिल १९८८

चि. हेमलतास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

जयंतीची मिरवणूक आटोपली आणि आज निवांत बसून लिहितो आहे. तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस उत्तराचे कच्चे खर्डे करत होतो. शेवटी चंपाबाईनं विचारलं, की काहून लिहून राहिले एवढं, जाऊन काहून नाही येत. तुझ्या आईला सगळं सांगितलं.  तिनं शाबासकीच्या पत्राची चौकट भिंतीवरून उतरवून ठेवली.

भैयालालच्या ओसरीवर बसलो आणि सांगितलं, की माझं चुकलं, आता काय करायचं ते तू सांग.  तो एकाएकी असा भडकला, की सून आतून धावत आली. पाच वर्षांचं सगळं बाहेर आलं. माती गेली ते सोसलं असतं, म्हणाला, पण तुम्ही बघायलासुद्धा आला नाहीत. पहिल्यांदा हरभरा उगवला नाही त्या वर्षी तो जबलपूरला आला होता. आपल्या फाटकापर्यंत आला, आणि साहेबांना आता काय म्हणायचं, असा विचार करून तसाच परत गेला. हेमलता, मी त्या वेळी घरातच होतो. मला रडू आवरलं नाही. त्यानंही आवरायला सांगितलं नाही.

नंतर त्यानं काठी उचलली. एकट्यानं बांध घालून पाणी थांबत नाही, खालच्या सहाजणांना विचारावं लागेल आणि ते तुम्ही विचाराल, म्हणाला. मी सहा दारं फिरलो. तो मागे उभा राहायचा. एकानं दार उघडलं नाही. लहानूनं दहा मिनिटं मला उभं ठेवून ऐकवलं आणि मग पाणी प्यायला दिलं. तिघांनी बघू म्हटलं. लहानू आणि त्याच्या वरचा शेजारी, भैयालालच्या लगतचे हे दोघे तयार झाले. म्हणजे वरची तीन शेतं. तेवढ्यानं पाणी थांबेल का, ते आषाढात कळेल.

माझ्या डोक्यात आता नुसते प्रश्न आहेत. जुन्या बांधाचा पाया अजून खाली असेल का? सोयाबीनही राहील आणि पाणीही अडेल, असं अर्धं-अर्धं करता येईल का? हे सगळं मी भैयालालला विचारतो आणि वहीत लिहितो. नोकरीत असताना मी बोलायचो आणि वही सहीपुरती त्याच्यासमोर धरायचो. बांधाच्या कामाला दर मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. मला टोपलं उचलू देत नाहीत, म्हणून आखणीची दोरी धरतो.

ओल्गाबाईला यातलं काय सांगायचं ते तू बघ. हमी कसलीच देऊ नकोस. मी आयुष्यभर हमीच देत आलो.

प्रेम आहेच. जावईबापूंना आशीर्वाद.

बाबाराव


सस्कॅचवान
८ मे १९८८

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मी ओल्गाबाईच्या टेबलावर बसून तिला इंग्रजीत वाचून दाखवलं. भैयालालकाका फाटकापाशी येऊन परत गेले, तो भाग तिनं पुन्हा वाचायला लावला. त्यानंतर तिनं सहीचा कागद मागितला.

ऐंशी एकरांवर ती मसूर पेरते आहे आणि येत्या कापणीला धसकटं उभी ठेवणार आहे. मसुराबद्दल तिची खात्री मुळीच पटलेली नाही. या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडला, जमीन आताच भुसभुशीत कोरडी आहे, पीक कदाचित हाती लागणारही नाही. ते तिलाही दिसतं आहे. शेजाऱ्यांना मात्र तिचं नाव सांगायचं नाही, प्रत्येकाला त्याच्या दारात जाऊन वेगळं विचारायचं, असं तिनं मला बजावलं. त्यामुळे साहेब नाराज आहेत. एका सहीवर हा भाग एकच वर्ष चालू राहील आणि माझी नोकरीही तेवढीच.

फॉर्मच्या तळाशी थोडी कोरी जागा होती. तिथे तिनं पेननं एक अट लिहिली. नोकरी राहो न राहो, बिघडलं तर या मुलीनं स्वतः माझ्या दारात यायचं आणि मी रागावेन ते सगळं ऐकून घ्यायचं. ऑफिसच्या बाईंनी ती ओळ खोडायला सांगितली, असलं काही सरकारी कागदावर चालत नाही म्हणून. ओल्गाबाईनं खोडली नाही. मी तिच्या सहीखाली माझी सही केली.

भैयालालकाकांना नमस्कार सांगा. आईला, मामीला जयभीम. लोभ तर आहेच, पण कधी राग आला तर तोही याच पत्त्यावर पाठवा.

आपली,
हेमलता